न उठणाऱ्या मशिनांचे अण्णा

अण्णांच्या दुकानात कुणी लॅपटॉप घेऊन आलं, की अण्णा लॅपटॉप टेबलावर ठेवायचे, माणसाला खुर्चीत बसवायचे, आणि आधी माणसाला उघडायचे. मशीन तसंच बंद. त्याला वायर नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, काही नाही. "स्वल्प थांबा. आधी कहाणी सांगा," म्हणायचे. गिऱ्हाईक बिचारं घाईत. त्याला वाटायचं, हा माणूस बटण दाबेल आणि दोन मिनिटांत काय ते सांगेल. अण्णा बटणाकडे बघायचेसुद्धा नाहीत. काल काय केलं, परवा काय केलं, मशीन कुणाच्या घरी गेलं होतं, कुणाच्या पोरानं त्यावर गेम खेळला, सगळं विचारून घ्यायचे. माझ्या मामीनं माझ्यासाठी आलेल्या स्थळांचीही एवढी चौकशी केली नव्हती.

आणि गिऱ्हाईक कुणीही असो, बँकेतला साहेब असो की कॉलेजातला मास्तर, पहिलं वाक्य एकच. "मी काहीच केलं नाही हो. आपोआप बंद पडलं."

"सरी," अण्णा शांतपणे म्हणायचे. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं. "मग काहीच न करता काय काय केलंत, ते सांगा."

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. हार्डवेअरचा डिप्लोमा घेऊन मी नागपूरहून बंगलोरला आले ती काचेच्या ऑफिसाची स्वप्नं घेऊन. नोकरी लागली चिकपेटात. कड्याकोयंडे, बिजागऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर एक खोली, तिथं जायला शिडीसारखा जिना, आणि वर अण्णा. आईला पत्रात मी "कॉम्प्युटर लाइनमध्ये आहे" एवढंच लिहिलं. खोटं कुठं होतं बापा त्यात!

पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं. "सर म्हणू नको, शाळेत आल्यागत वाटतं. अण्णा म्हण," म्हणाले. मी त्यांच्याशी नागपुरी बोलायची, ते माझ्याशी त्यांची बंगलोरी मराठी. पहिला आठवडा आम्ही दोघंही एकमेकांना "काय?" एवढंच विचारत होतो. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आलेलं. "फौज परत गेली, आम्ही राहिलो," ते सांगायचे. "का राहिलात?" मी विचारलं. "ही हवा सोडून कोण जातंय, पोरी?" असं म्हणून ते माकडटोपी कानावर ओढायचे. ती टोपी ते मे महिना सोडून अकरा महिने घालायचे. मे महिन्यातही खिशात असायचीच.

तोवर मोठ्या कंपन्यांत रंगीत पडद्याचे, हलके लॅपटॉप आले होते. आमच्याकडे यायचे ते त्यांचे काकामामा. कुणाच्या अमेरिकेतल्या पुतण्यानं टाकून दिलेले, कुणी साहेबानं मेव्हण्याच्या गळ्यात मारलेले. वजनाला असे, की मांडीवर घेतले तर पायाला मुंग्या. आत जुनं डॉस. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर जायची आणि शेवटी एक बारकी रेघ लुकलुकत राहायची. तिथवर पोचलं की मशीन उठलं. मध्येच अडकलं, की जिना चढून अण्णांकडं.

"अण्णा, हे मेलं," असं कुणी म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "मेलं म्हणायचं नाही. उठत नाही म्हणा. मेल्यावर तुम्ही माझ्याकडे कशाला याल?" बाकीचे दुरुस्तीवाले सरळ डिस्क पुसून सगळं नव्यानं भरून द्यायचे. मशीन टकाटक, पण आतलं सगळं गायब. अण्णांनी उभ्या आयुष्यात एकही डिस्क पुसली नाही. आधी बघायचं, नुसतं बघायचं. त्यावर एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग डिस्क फिरतेय, अडखळतेय की नुसती कण्हतेय, ते सांगायचे. मी लावून बघितलं तर मला खालच्या दुकानातलं भांडण ऐकू आलं.

खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही म्हणावं, तर तसंही नाही. एकदा एक साहेब बायकोला घेऊन आले. साहेब तोऱ्यात, आणि बाईंच्या चेहऱ्यावर "बघा, तुम्हाला काही येत नाही" असं लिहिलेलं. मशीन उठत नव्हतं, कारण साहेबांनी फ्लॉपी आतच विसरली होती. मशीन बिचारं त्या फ्लॉपीत डॉस शोधायचं आणि नाही सापडलं की रुसून बसायचं. आमच्याकडे येणारी निम्मी दुखणी हीच. अण्णांनी बाईंना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, "पुढची एकादशी कधी, जरा बघता का" म्हणाले, आणि त्या वळल्या तेवढ्यात फ्लॉपी काढून साहेबांच्या खिशात घातली. मग पाच मिनिटं उगाच स्क्रू फिरवत बसले. "अवघड काम होतं," म्हणाले. साहेब जाताना असे वाकले, मला वाटलं पाया पडतात की काय.

कॉफीचाही एक विधी होता. बंगलोरात बाय-टू कॉफी मागवतात, म्हणजे एकीचे दोन अर्धे ग्लास, दोघांत. अण्णा एकटे असले तरी बाय-टू. अर्धा ग्लास कहाणी ऐकताना, उरलेला अर्धा मशीन उठल्यावर. नाही उठलं तर तो ग्लास तसाच, साय धरून, संध्याकाळपर्यंत. मी एकदा तो पिऊन टाकला तर म्हणाले, "तुझं मशीन उठलंय काय?"

डिसेंबर-जानेवारीत तर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अवरेकाईचा हंगाम. आपल्या पावट्यासारख्या शेंगा, पण त्यांच्या वासानं इथली माणसं वेडी होतात. अण्णांची बहीण येलहंक्याहून पोतंभर पाठवायची, आणि मशीन आपलं आपलं तपासत असताना हात रिकामे नकोत म्हणून अण्णा सोलत बसायचे. गिऱ्हाइकालाही परात द्यायचे. एक पुण्याचे मॅनेजर आले होते, टाय-बीय लावून. त्यांची डिस्क आत चिकटून बसली होती. अण्णांनी ती वायरीसकट बाहेर काढली, तळव्यावर धरली, बरणीचं झाकण उघडावं तसा मनगटाला एक झटका दिला, आणि डिस्क फिरायला लागली.

"आता बंद करायचं नाही," अण्णा म्हणाले. "बंद केलंत की परत उठेल याची खात्री नाही. सगळं फ्लॉपीवर उतरवून घ्या, इथंच."

"अहो, पण माझी मीटिंग आहे!"

"मीटिंग होईल की. परात धरा."

तेवीस फ्लॉप्या लागल्या. संध्याकाळपर्यंत त्या माणसानं अडीच किलो शेंगा सोलल्या, टाय खांद्यावर टाकून. जाताना म्हणाले, "वर्षभरात इतकं शांत वाटलं नव्हतं." अण्णांनी त्यांना सोललेल्यातलं वाटीभर पुडीत बांधून दिलं.

हे सगळं हसत हसत सांगतेय खरी, पण मी त्या दुकानात एक घाण काम केलंय, तेही सांगायलाच हवं. नाहीतर अण्णा कसे होते ते कळायचंच नाही.

अण्णा दोन दिवस बहिणीकडे येलहंक्याला गेले होते, भाच्याच्या लग्नाला. जाताना बजावून गेले, "मशीन आलं तर कहाणी लिहून घे. उठवायला जाऊ नको." नेमक्या त्याच दिवशी आनेकलहून एक अक्का आल्या. पन्नाशीच्या, केसात अबोली, आणि जुनं धूड टॉवेलात गुंडाळून कडेवर. माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलत होत्या. त्यांचं माहेर विणकरांचं. वडील रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचे, एकेक चौकोन भरून. वडील गेले, कागदांना वाळवी लागायला लागली, तशी अक्कांनी भावाच्या मुलाचा हा जुना लॅपटॉप घेतला. भरलेल्या चौकोनाला फुली, रिकाम्याला टिंब, असं करत चार वर्षं रोज दुपारी टाइप करून एकशे चाळीसवर काठ आत घातले. कागद आता चाळणी झाले होते. जे काय होतं ते या मशीनमध्ये. आणि मशीन आता उठायचं सोडून कसलासा नंबर विचारत होतं.

मला लगेच कळलं. या मशिनांत एक बारका सेल असतो. आत कुठल्या प्रकारची डिस्क आहे त्याचा नंबर मशीनला त्याच्या जिवावर आठवतो. सेल संपला, की मशीन नंबर विसरतं आणि आपल्याला विचारतं. योग्य नंबर डिस्कवरच्या चिठ्ठीवरून काढायचा असतो, त्यासाठी मशीन उघडावं लागतं. अक्का "सोमवारी माग लावायचा आहे, कसंही करा" म्हणत डोळे पुसत जिना उतरल्या. मी म्हटलं, उघडायचं कशाला? सत्तेचाळीसच तर नंबर असतात. एकेक घालून बघू. अण्णा येतील तेव्हा मशीन उठलेलं असेल आणि मी उरलेली अर्धी कॉफी पीत बसलेली असेन.

काहून सुचलं मला ते! आठ-दहा नंबर घातले, पुढेमागे, जसे सुचतील तसे, आणि एका नंबरावर मशीन उठलं. अर्धवट. नावं दिसत होती, आत मात्र कचरा. नंबर चुकीचा होता, म्हणून मशीन पानंच चुकीच्या ओळींवर धरून वाचत होतं. हे मला आज कळतंय. तेव्हा वाटलं, डिस्क खराब झाली. डॉसचा दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावला. त्यानं विचारलं, बिघाड सापडलाय, दुरुस्त करू? मी म्हटलं, कर. त्यानं एक फ्लॉपी मागितली, बदलण्याआधीचं त्यावर जपून ठेवायला, ती दिली. करू? कर. करू? कर. शेवटी काठांची नावंही गेली आणि अक्कांची चार वर्षं पडद्यावर दिसेनाशी झाली.

नोकरीला चार महिने झाले होते. नागपूरला परत गेले असते तर बाबांनी दुसऱ्या दिवशी लग्न ठरवलं असतं. मी मशीन बंद केलं, फ्लॉपी पर्समध्ये टाकली, आणि वहीत लिहिलं, "नंबर विचारते. उठत नाही."

अण्णा आले. वही वाचली, माझ्याकडे बघितलं. "तू काय केलंस?"

"काहीच नाही, अण्णा."

"सरी," म्हणाले आणि कामाला लागले.

बस्स, एवढंच. मला पुढचा प्रश्न विचारलाच नाही. अख्ख्या बंगलोरवर विश्वास न ठेवणारा माणूस माझ्यावर ठेवून मोकळा झाला. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी मशीन उघडलं, चिठ्ठीवरून खरा नंबर काढला. सतरा. तो घातला, मशीन नीट उठलं, आणि काठ मात्र नाहीत. अण्णा चक्रावले. दोन दिवस स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसले. डिस्क ठणठणीत. कॉफी मागवणंही थांबलं. "सेल संपल्यानं असं होत नाही," स्वतःशी पुटपुटायचे, "कुणीतरी आत हात घातलाय." मी शेजारी बसून दुसऱ्याच कुठल्या मशीनचे स्क्रू काढायची आणि परत लावायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आनेकलला अक्कांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि कन्नडमध्ये खडसावलं, तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय म्हणून. मी तिथंच बसून सगळं ऐकत होते. पण तोंड उघडलं नाही मी. लाज वाटते सांगायला, पण नाही उघडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं अक्का हजर. बरोबर वडिलांच्या कागदांचा डबा. एक कागद उचलला तर त्याचा भुगा टेबलावर पडला. "अण्णा, शपथेवर सांगते, मी काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. एवढं कन्नड तोवर मला समजत होतं.

"सगळे असंच म्हणतात, अक्का," अण्णा म्हणाले.

अक्का तो भुगा पदरानं गोळा करायला लागल्या, एक कण न सांडता. मग मला राहवलं नाही. पर्समधून फ्लॉपी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मी केलं. अक्कांनी नाही. मी नंबर घातले, मी दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावला. हे त्याच्या आधीचं आहे." आणि भोकाड पसरलं.

अण्णांनी फ्लॉपी उचलली. मला वाटलं, आता जिना दाखवतात. तर म्हणाले, "रडू नंतर. कुठला नंबर घातला होतास?"

"चुकीचा."

"चुकीचाच पाहिजे मला! फ्लॉपीवरचं परत त्याच जागी बसवायचं तर मशीन तसंच चुकलेलं पाहिजे. तू जशी वेडी झालीस तसं त्यालाही परत करायचं, आणि मग उलट पावली यायचं. बरोबर नंबरावर ही फ्लॉपी लावली, की उरलंसुरलंही जाईल. सांग, कुठला?"

मला आठवेना. आठ-दहा घातले होते, कशावर उठलं देव जाणे. "डोक्याला विचारू नको, घाबरलंय ते," अण्णा म्हणाले. "बोटांना विचार." बंद मशीनपुढे बसवलं, डोळे मिटायला लावले. अक्का माझ्या पाठीशी उभ्या. मी हात ठेवले. डाव्या हाताचं बोट आपणहून एकाच बटणावर दोनदा आपटलं, टक-टक. डोळे उघडून बघितलं तर दोनचं बटण.

"बावीस," मी म्हटलं.

"बघू." अण्णांनी बावीस घातला, आपल्या फ्लॉपीवरून मशीन उठवलं. पडद्यावर सगळी कचऱ्याची नावं आली. "हेच बघितलं होतंस?"

"शेवटी हेच होतं. ही तिसरी ओळसुद्धा हीच."

मग त्यांनी माझी फ्लॉपी आत सारली आणि प्रोग्रॅमला सांगितलं, केलंस ते सगळं परत घे. फ्लॉपी करकर वाजत राहिली. संपल्यावर त्यांनी मशीन बंद करून परत चालू केलं आणि सतरा घातला. रेघ लुकलुकली. यादी आली. अक्कांनी मला बाजूला सारून स्वतः एक नाव टाइप केलं. पडद्यावर खालून वर फुल्या आणि टिंबं चढायला लागली, आणि बघता बघता त्यांतून कोयरी दिसायला लागली, शेजारी दुसरी, मग मोर. अक्कांनी सगळे काठ एकेक करून उघडले. कुणी त्यांना घाई केली नाही. एकही गेला नव्हता.

अण्णांनी माकडटोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच बघितलं. अक्कांपुढे हात जोडून म्हणाले, "तप्पायतु, अक्का. चुकलं माझं. तुम्हाला शंभर प्रश्न विचारले आणि घरच्या पोरीला एकच." माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही त्या गोष्टीचा एक शब्द नाही. मी रोज वाट बघायची, आज काढून टाकतात, उद्या काढून टाकतात. घरून येताना पर्समध्ये राजीनामा घेऊन यायची.

दोनेक महिन्यांनी अक्का परत आल्या. जावेचं मशीन टॉवेलात गुंडाळून. अण्णांनी खुर्ची झटकली, "या, अक्का, बसा. कहाणी सांगा." अक्का त्यांच्या पुढ्यातून सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि मशीन माझ्यापुढे ठेवलं.

"अक्का, इकडं," अण्णा म्हणाले.

"नको," अक्का म्हणाल्या. "हिच्याकडेच राहू दे. हिनं काही बिघडवलं तर मला कळेल तरी."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. अण्णा "सरी" म्हणाले आणि जिना उतरून गेले. तासाभरानं परत आले तेव्हा मशीन उठलं होतं. काय केलंस, असं त्यांनी विचारलं नाही. मीच उठून त्यांच्या टेबलाशी गेले आणि पहिल्या बटणापासून शेवटच्या बटणापर्यंत सगळं सांगितलं, मध्ये दोनदा काय चुकले तेही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग खिडकीतून खाली वाकून हॉटेलवाल्या पोराला ओरडले, "एक पूर्ण कॉफी आण रे. आमच्या बाईंना."